शनिवारची वेळ रद्द करा

प्रिय आई-बाबा, सप्रेम सलाम.

फोनवर विषय काढला की बाबा खाकरतात, फोन तुझ्याकडे देतात आणि तू रडतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. पाळकसाहेबांकडे माझ्यासाठी शनिवारची वेळ घेतलीय ती रद्द करा प्लीज. मी इथल्या समुपदेशक मॅडमकडेच जाणारे. खरं म्हणजे ऑगस्टपासून दर गुरुवारी जातेच आहे. सांगितलं नाही ही माझी चूक, पण सांगितलं असतं तर ही वेळ तुम्ही ऑगस्टमध्येच घेतली असती ना.

प्रभूला सोडलंय वगैरे काही नाही हां. रविवारी चर्चला जाते, प्रार्थना केल्याशिवाय आडवी होत नाही, झोप येते की नाही ते वेगळं. बाबा, तुम्ही ज्या अमेरिकेतल्या पाळकाचं, जे अॅडम्सचं, सारखं सांगता त्यांचं पुस्तक मी वाचलं, 1970 चं, पूर्ण वाचलं. त्यांचं म्हणणं, शरीराचा आजार नसेल तर मनाच्या दुखण्याच्या मुळाशी पाप असतं, बायबलच्या वचनातून बोध करायचा, माणसाने वागणं बदलायचं. काही बाबतीत असेलही. पण दादाच्या त्या वर्षात माझं पाप कुठलं? दोन वर्षं शोधलं बाबा. ते शोधणं हेच तर माझं दुखणं होऊन बसलं.

मॅडम पाप म्हणत नाहीत, विचार म्हणतात. वहीत रकाने पाडायचे, काय घडलं, मनात काय आलं, त्याच्या बाजूने काय पुरावा आणि विरुद्ध काय. विरुद्धच्या रकान्यात मी लिहिलं, 'फोन पावणेतीनला आला होता, मी झोपले होते.' एवढंच. ते लिहायला मला चाळीस मिनिटं लागली आणि मॅडम तोवर गप्प बसून होत्या. आई, हे वाचून रडू नकोस, त्या रात्री मला चक्क झोप लागली.

सगळंच पटतं असं नाही. काकांना माफ करायचं का, तर आपल्याकडे प्रभूने सांगितलंय, सातांच्या सत्तर वेळा करा, विषय संपला. मॅडम विचारतात, तुला करावंसं वाटतं का? चूक कोणाची, बरोबर कोण, ते त्या सांगतच नाहीत, आणि कधी कधी मला वाटतं कोणीतरी बाबांसारखं टेबलावर हात आपटून सांगावं की हे चूक झालं. पण तिथे बोललेलं तिथेच राहतं. जिवाला धोका असेल तरच बाहेर जाईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर सांगितलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गुप्ततेचा हक्क आहे. आणि आपल्याकडे? मागे एकदा प्रार्थनेसाठी विषय दिला तर रविवारपर्यंत सात मावश्या विचारून गेल्या. त्यांची माया होती, माहितीये मला. तरी.

आणि बाबा, अँटन बॉइसन म्हणून अमेरिकेत एक पाळक होते. 1920 मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात होते, आणि 1925 मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना शिकायला घेऊन गेले. डॉक्टर आणि पाळक एका वॉर्डात. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता ना, तुम्हीच शब्बाथ शाळेत शिकवलेलं. देवदूताने बोध नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला दिलं. मला सध्या तेच हवंय.

तुमच्या सायकलच्या नळीवर बसून चर्चला जायचे, पेटी वाजली की तुमच्या शर्टाला तोंड लावून झोपायचे, ते आठवतं सारखं.

बरं, आता ऐका. गीझरवाला मंगळवारी येतोय, पैसे दिलेत, त्याला पुन्हा देऊ नका. आईच्या गुडघ्याचा पट्टा कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तो घालायला असतो, ठेवायला नाही. बाबा, साखर उपाशीपोटी तपासायची, चहा घेऊन नाही, आणि आकडा मला खरा पाठवायचा. जिन्यावर रात्री लाईट चालू ठेवा, बिल मी भरते. पाळकसाहेबांना म्हणावं, पोरीने सलाम सांगितलाय, रागावलेली नाही, नाताळात करंज्या घेऊन येईल. करंज्या आई तू एकटी करू नकोस. मी 22 ला येतेय, सारण मी भाजीन.

तुमची,
बाळी