मूळ गाव विचारलंस म्हणून

चिऊ,

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबा आपलं मूळ गाव नक्की कुठलं, आणि मी नेहमीसारखं "बेळगावचं शहापूर, आणि कुठलं" म्हणून विषय संपवला, खरं त्यावर तू गप्प झालीस ते काय माझ्या डोक्यातनं जाईना. नंतर तुझी आई म्हणाली की आडनावातलं गाव तू मॅपवर शोधून ठेवलंयस आणि पुढच्या महिन्यात तिथं जाऊन कुळाचा देव बघून यायचा बेत पण केलायस. म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, निम्म्यात आपला कुकर वाजतो नाहीतर तुझी मीटिंग लागते.

तर पहिलं हे, त्या गावाला जाऊ नकोस. म्हणजे फिरायला म्हणून जा की, खरं आपलं तिथं कोण नाही आणि कधीच नव्हतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, तुझे पणजोबा, शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. घरात आडनाव असं काही नव्हतंच, त्यांच्या वडलांना सगळी पेठ विणकर म्हणूनच हाक मारायची. मास्तर म्हणाले विणकर माझ्या वर्गात ढिगानं आहेत, गाव सांग. सात वर्षांचं पोर ते, त्याला मूळ गाव वगैरे काय कळणार, घरात रोज ज्या गावाचं नाव कानावर पडायचं ते सांगून मोकळं झालं. आणि ते होतं सूत घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याचं गाव! मास्तरांनी मागं 'कर' लावलं की झालं आडनाव. आबा हे सांगताना इतके हसायचे की ठसका लागायचा, आणि आज्जी आतनं ओरडायची की पोरांना काहीतरी सांगू नका, उद्या लग्न जमवताना पंचाईत व्हायची.

मला पण ती थापच वाटायची. खरं तीन वर्षांपूर्वी घराच्या उताऱ्यावर तुझ्या आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करायला मी एका कचेरीत हेलपाटे घालत होतो, आज या, साहेब नाहीत, सोमवारी या, असं करत दोन पावसाळे गेले, त्या वेळी जुने कागद लागतील म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात आपल्या एकाच घराचे तीन कागद निघाले. एक मोडीतला, संस्थानच्या वेळचा. एक मराठी देवनागरीतला, मुंबई राज्याच्या वेळचा. आणि आत्ताचा उतारा कन्नडमधला. घर तेच, विहीर तीच, लिपी तेवढी बदलत गेली. कन्नड मला वाचायला येतं, मोडी कुठलं येणार, मग ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांकडं घेऊन गेलो, त्यांनी भिंग लावून दीड तास घेतला आणि वाचून दाखवलं. चतुःसीमा दिलेली, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, परसात आड एक. आणि घेणाऱ्याच्या नावापुढं सरळ 'विणकर'. गाव नाही, कर नाही. आबा खरं बोलत होते.

आता संस्थान म्हणजे काय ते तुला शाळेत कोणी सांगितलं नसणार. आज बेळगावातनं शहापूरला येताना तुला कुठं काही फरक कळत नाही, कपिलेश्वराच्या देवळाजवळ रेल्वेचा पूल ओलांडला की आलंच. खरं तेव्हा बेळगाव ब्रिटिशांचं, मुंबई इलाख्यातलं, आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. इकडं सराफ, विणकर, व्यापारी, सगळी पेठच ती. तिकडं किल्ला आणि कॅम्प, गोऱ्या साहेबांचा कारभार. म्हणजे आबा बेळगावात भाजी आणायला गेले की दुसऱ्याच्या राज्यात जाऊन यायचे, पिशवी घेऊन, चालत. १९४८ ला सांगली संस्थान विलीन झालं तेव्हा आपण मुंबई राज्यात गेलो, १९५६ ला म्हैसूर राज्यात, आणि १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं. माझी आज्जी लग्न होऊन आपल्या घरात आली ती संस्थानात, आणि गेली कर्नाटकात, मधल्या काळात तिनं साधी चूल पण हलवली नाही. पुण्यात तुला कोणी "तुम्ही कर्नाटकातले ना, मग मराठी इतकं चांगलं कसं" असं विचारलं की तू चिडतेस ते माहीत आहे मला. चिडू नकोस. त्यांना आज्जीची गोष्ट सांग.

आणि आज्जीची गोष्ट सांगायची तर पुरी सांग. ती बैलहोंगलकडची. माहेरचं कन्नड, अगदी पक्कं. हे मी तुला कधी मुद्दाम सांगितलं नाही असं नाही, विषयच निघाला नाही, आणि आपल्या घरात हा विषय लोक जरा हळूच बोलायचे. मराठी ती इथं येऊन शिकली आणि मरेपर्यंत तिच्या मराठीला तो हेल होता, "जेवलास काय रे" मधला 'रे' असा लांब जायचा. ओव्या मराठीत म्हणायची. शिव्या मात्र कन्नडमध्ये. आणि मोजायची कन्नडमध्ये.

ते मोजणं मला अजून ऐकू येतं. आपल्या माजघरातली ती फरशी आठवते काय तुला, ज्याच्यावर तू लहानपणी मुद्दाम उड्या मारायचीस आणि ढब्ब ढब्ब आवाज यायचा म्हणून हसायचीस? तिच्या खाली मागाचा खड्डा आहे. हातमाग तेव्हा जमिनीत असायचा, म्हणजे विणणारा जमिनीवर बसणार आणि पाय खाली खड्ड्यात, पायानं खालच्या पट्ट्या दाबायच्या की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली व्हायचे आणि मधनं आडवा धागा घेऊन लाकडी धोटा सर्रकन जायचा. मी सहा-सात वर्षांचा असेपर्यंत आबा त्यावर बसायचे. खड्ड्याच्या काठाचा दगड मांडी टेकून टेकून असा गुळगुळीत झाला होता की आम्ही पोरं त्यावरनं हात फिरवत बसायचो, आणि उन्हाळ्यात आबा नसले की खड्ड्यात उतरून बसायचो, थंडगार. खळीचा आंबूस वास, दिव्याचा धूर, आणि आज्जी शेजारी रहाटावर कांड्या भरत बसलेली. नवा ताणा लावायचा दिवस असला की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. फणीतनं एकेक धागा ओवायचा, आणि आज्जी मोजत राहायची, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... एखादा धागा चुकला की सगळं लुगडं वाया. आबा मराठीत विचारायचे किती झाले, ती कन्नडमध्ये सांगायची, दोघांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता वाटतं, ती मोजणारी तिथं नसती तर आबांचं एक लुगडं सरळ आलं नसतं.

तुझ्याकडं जे जांभळं लुगडं आहे ना, ज्याचा तुझ्या ऑफिसातल्या मुलीनं फोटो काढला आणि ही कुठली साडी म्हणून विचारलं, ते त्या खड्ड्यातलं. शहापुरी म्हणून सांग. एके काळी लांब लांबचे लोक नावानं मागायचे. उलटं करून बघ, काठाजवळ एका ठिकाणी बारीकशी गाठ लागेल हाताला, तिथं धागा तुटला होता आणि आज्जीनं जोडला.

धाग्यावरनं आठवलं. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, आख्ख्या आयुष्यात ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी जुळवाजुळव केली होती, टिळकवाडीच्या बाजूला तंबू ठोकून गावच उभं केलं आणि त्याला विजयनगर नाव दिलं, पाण्यासाठी विहीर खणली. तीच ती काँग्रेस विहीर, जिच्या समोर तुम्ही मैत्रिणी पाणीपुरी खायला उभ्या राहायचात. आबा तेव्हा पंधराचे, शहापूरहून चालत गेले. गांधीजी दिसले काय विचारलं तर म्हणायचे लांबनं दिसले, खरं विहीर जवळनं बघितली. त्या अधिवेशनात ठरलं की काँग्रेसचं सभासद राहायचं तर महिन्याला २००० यार्ड हातसूत द्यायचं, स्वतः कातलेलं, नाही जमलं तर दुसऱ्यानं कातलेलं. हे ऐकून घरी आल्यावर आबांच्या वडलांनी कपाळाला हात लावला म्हणे. हातानं कातलेलं सूत कुठं जाड, कुठं बारीक, मागावर चढवलं की पटापट तुटायचं. "पुढारी कातणार आणि जोडत आम्ही बसणार!" देशभक्ती कमी नव्हती रे बाबा, टोपी खादीचीच होती, खरं ज्याला जोडावं लागतं त्यालाच माहीत.

बाकी बेळगाव महाराष्ट्रात घ्या म्हणून १९५६ ला जे हुतात्मे झाले त्यांचं मी तुला सांगायची गरज नाही, १७ जानेवारीला हुतात्मा चौकात तुला दरवर्षी घेऊन जायचो, आणि नाथ पै सर्कलवरनं तू दहा वर्षं शाळेला गेलीस. बॅरिस्टर नाथ पै १९७१ मध्ये इथंच, बेळगावात, हुतात्म्यांच्या सभेत भाषण करून आले आणि त्या रात्रीच गेले, ती बातमी आली त्या दिवशी आबांनी माग बंद ठेवला होता असं आई सांगायची. माझी स्वतःची आठवण १९८६ ची. कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलेलं, मी कॉलेजात, अंगात रग, मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून घरी आलो. दारातच आज्जी. कुठं गेलावतास म्हणाली. मी सांगितलं, छाती काढून. तिनं आधी मला तिच्या कन्नडमध्ये अस्सल शिव्या घातल्या, मग पाटावर बसवून गूळ-पाणी दिलं, आणि मग मराठीत म्हणाली, "सक्ती नको हे बरोबर हाय तुझं. मला पण कुणी सक्ती केली नव्हती." एवढंच. मी परत मोर्चात गेलो, ते काय सोडलं नाही, माझं मत आजही तेच आहे. खरं त्या दिवसापासनं घोषणा देताना भाषेला शिवी दिली नाही कधी.

तुझा दुसरा प्रश्न होता गल्ल्यांच्या नावांचा. त्यावर बसलो तर रात्र जाईल. पटकन दोन-चार सांगतो. वेस म्हणजे गावाचं दार. गोव्याकडं जायची ती गोवावेस, काकतीकडं जायची ती काकतीवेस, आणि बोगार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारे-विकणारे, त्यांची ती बोगारवेस. आता गोवावेस झाली बसवेश्वर सर्कल आणि बोगारवेस झाली धर्मवीर संभाजी चौक, दोन्ही नावं मोठी आहेत, खरं रिक्षावाल्याला गोवावेस म्हटलं की तो मीटर न टाकता निघतो. (मीटर तसा तो कधीच टाकत नाही.) टेंगिनकेरा गल्लीतलं तेंगिन म्हणजे कन्नडमध्ये नारळ. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे राहतात आणि कुणाला त्या नावाची अडचण झाल्याचं मी ऐकलं नाही. आणि नरगुंदकर भावे चौक, जिथनं शिवजयंतीचे चित्ररथ बघायला तू माझ्या खांद्यावर बसायचीस, तो १८५८ मध्ये इंग्रजांनी बेळगावात फाशी दिलेल्या नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या नावाचा.

आपल्या गल्लीचं तुला माहीतच आहे. रस्ता रुंदीकरणात भिंतीवर लाल रंगानं फुली मारून गेले आणि पुढचा कट्टा आणि सोपा गेला. मंगाईच्या जत्रेला पाहुणे आले की ज्या सोप्यात ओळीनं वीस माणसं झोपायची तो सोपा एका दुपारी जेसीबीनं काढला, तू तेव्हा सातवीत, शाळेतनं आलीस आणि दार कुठं गेलं म्हणून रडायला लागलीस. त्यामुळं आता माजघरच पुढं आलंय. तो खड्डा, जो घराच्या पोटात होता, तो रस्त्यापासनं चार पावलांवर आलाय.

आणि म्हणूनच खरं तर हे पत्र. मागची भिंत खचलीय, दुरुस्त करून भागणार नाही, गवंडी म्हणतोय सगळंच खाली घेऊन नवं बांधू. तुझ्या काकाचं आणि माझं ठरलंय. या सोमवारी गवंडी फरशी काढून खड्डा दगड-मातीनं भरणार होता, मी त्याला पुढच्या सोमवारपर्यंत थांबवलंय. अक्का म्हणते, माग बंद केला तेव्हा आज्जीनं धोट्याला हळद-कुंकू लावून तो खड्ड्यात ठेवला आणि मग फरशी बसवली. मला पक्कं आठवतंय की धोटा सोप्यातल्या कोनाड्यात होता आणि तो जेसीबीच्या दिवशी गेला. यावरनं आमचं चांगलंच वाजलंय, पाव किलो कुंद्याची पैज लागलीय.

तू शनिवारी ये. वंदे भारत त्या दिवशी आहे काय बघ, नसली तर रात्रीची ट्रॅव्हल्स धर, गोवावेसला उतर, मी गाडी घेऊन येतो. येताना जुने कपडे आण, फरशी उचलल्यावर आत तुलाच उतरायचंय, माझे गुडघे आता ऐकत नाहीत आणि अक्काला मी उतरू देणार नाही, ती धोटा घरनंच घेऊन येईल.

तुझा,
बाबा