लॅबमधल्या मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून माझा डोळा वाचला

नमस्कार मॅडम,

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल, रोज किती नमुने येत असतील तुमच्याकडे, पण डोळा नक्की आठवेल. उजवा, लालभडक, आणि मी रुमालाची चौपदरी घडी त्यावर घट्ट धरून आत आले होते कारण ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा सुईसारखा घुसत होता.

तोपर्यंत महिनाभर दुसरीकडे हर्पिसचं इन्फेक्शन समजून म्हणजे विषाणूचं औषध चालू होतं. मधे स्टिरॉइडचे थेंब दिले, चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट ठणकायला लागलं. खूप राग होता मनात, तो तुमच्यामुळेच कमी झाला, कारण तुम्ही सांगितलंत की अकँथामीबा नावाच्या एकपेशीय अमीबाचं हे इन्फेक्शन सुरुवातीला अगदी हर्पिससारखंच दिसतं आणि भलेभले फसतात, आणि स्टिरॉइड दुखणं दाबतं तशी शरीराची लढायची ताकदही दाबतं. पण त्या महिन्यात मला कुणी विचारलं नव्हतं ते तुम्ही विचारलंत. कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, डॉक्टर डोळा बधिर करून ब्लेडने खरवडून नमुना घेत होते, तुम्ही नमुन्यातले जंतू वाढवायची प्लेट हातात घेऊन शेजारी उभ्या होतात, आणि सहज विचारावं तसं म्हणालात, "लेन्सची डबी कशाने धुता?"

नळाच्या पाण्याने, मी म्हटलं. लेन्स घालूनच आंघोळ? हो. पोहताना? तेव्हाही. कित्येक वर्षं हेच करत होते मी, आणि पाणी स्वच्छच होतं, प्यायचंच पाणी!

मग तुम्ही जे समजावलंत ते आजही शब्दाशब्दाने आठवतं. अकँथामीबा नळाच्या पाण्यात, मातीत, धुळीत, पोहण्याच्या तलावात, सगळीकडे असतो, त्याला जगायला माणूस लागतच नाही, बॅक्टेरिया खाऊन तो मजेत असतो. आपल्या सगळ्यांच्याच अंगावर, नाकातोंडात कधी ना कधी येऊन जातो आणि काही होत नाही. पण ओल्या लेन्सला चिकटून तो कॉर्नियावर तासन्‌तास बसला आणि तिथे बारीकसा ओरखडा असला की आत शिरतो. आणि आत नसांच्या कडेकडेने पसरतो, म्हणून डोळा दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतो. हे ऐकून मला रडूच आलं, कारण महिनाभर मला वाटत होतं मीच दुखण्याचा बाऊ करतेय.

त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन केलात. खास डाय घालून बघितल्यावर स्लाइडवर सिस्ट, म्हणजे कवचात दडलेले अमीबा, चमकताना दिसल्या म्हणून उपचार रात्रीच सुरू झाले, प्लेटची वाट बघावी लागली नाही. आणि तीन दिवसांनी फॉलोअपला आले तेव्हा तुम्ही मला मायक्रोस्कोपपाशी बसवून चांगल्या डोळ्याने ती प्लेट दाखवलीत. अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावर, ई. कोलाय बॅक्टेरियाचा पातळ थर पसरलेला, आणि त्यात माझ्या डोळ्यातले अमीबा खात खात गेले होते त्या वाटा, गवतातून कुणी चालत गेल्यासारख्या. मग सिस्टचा फोटो, बाहेरची भिंत सुरकुतलेली, आतली कोनाकोनांची. औषध आलं की अमीबा त्या दुहेरी भिंतीत जाऊन बसतो आणि म्हणूनच थेंब इतके दिवस, इतक्या वेळा घालायचे. अशा सिस्ट २० वर्षांहून जास्त काळ टिकल्याची नोंद आहे असंही तुम्ही सांगितलंत. खरं सांगते मॅडम, ते बघितलं नसतं तर मी औषध मधेच सोडलं असतं. पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन हे अमीबा मारणारे थेंब, दोन्ही ०.०२ टक्के, पहिले दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा, मग दिवसा दर तासाला, मग हळूहळू कमी करत सात महिने. रात्री तीनला अलार्म वाजला की त्या वाटा डोळ्यासमोर आणायचे आणि उठायचे.

अजून एका गोष्टीचे आभार राहिलेत. अमीबा शब्द ऐकल्यावर मी घरी जाऊन नेटवर शोधत बसले आणि "मेंदू खाणारा अमीबा" वाचून हातपाय गार पडले, दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला तो जवळपास ओरडतच. तुम्ही जराही न चिडता सांगितलंत की तो वेगळा, नेग्लेरिया फाउलेरी, १९६५ साली ऑस्ट्रेलियात फाउलर आणि कार्टर यांनी त्याच्या केसेस पहिल्यांदा मांडल्या. तो गरम गोड्या पाण्यात वाढतो, नाकात जोरात पाणी गेलं तर वासाच्या नसेवरून मेंदूत चढतो, ९७ टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात, पण पाणी प्यायल्याने होत नाही आणि डोळ्यातून तर नाहीच. माझा अमीबाही क्वचित मेंदूत जातो, पण बहुतेक वेळा ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झालेली असते त्यांच्या. एवढं नीट, घाबरवूनही नाही आणि लपवूनही नाही, मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले, अलार्म लावून का होईना.

आता डोळा शांत आहे. कॉर्नियावर मधोमध नाही, कडेला पुसटसा डाग राहिलाय, चष्म्याने बारीक अक्षरं वाचता येतात, हे पत्र दोन्ही डोळ्यांनी टाइप केलंय. लेन्सची डबी तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी फेकली. बहीण लेन्स वापरते, तिच्या लेन्सला मी पाण्याचा एक थेंब लागू देत नाही, हात धुऊन कोरडे करून मगच लेन्स, डबीत दर वेळी नवीन सोल्युशन, जुन्यात भर घालायची नाही.

आणि हो, सिस्टचा तो फोटो शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवू का असं तुम्ही विचारलं होतंत, मी तेव्हा दुखण्यात होते, उत्तरच दिलं नाही. दाखवा मॅडम, जरूर दाखवा. आणि डबी कशाने धुता हे विचारायचं, तेही त्यांना सांगा.

तुमची,
उजव्या डोळ्याची पेशंट