फोनवर न सांगितलेलं

पर्थ, रविवार

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

म्हापशाला फोन लावला की दादा स्पीकर लावतो आणि शेजारी बाबा बसलेले. म्हणून लिहितेय. थंडी, जेवणखाण सगळं तेच.

बाबांचं दुखणं 'तुला कसं कळलं नाही' असं परवा म्हणालीस. अगं, ८ महिने जळजळ, पोट जड. गावातले डॉक्टरही ॲसिडिटीच म्हणत होते. मीही म्हटलं. सत्तरीत दुसरं काय सुचणार? वजन उतरलं तेव्हा मात्र सुचायला हवं होतं. रोज लॅबमध्ये दुसऱ्यांच्या जठराचे बारीक तुकडे तपासणीसाठी मेणात बसवून कापते मी.

रिपोर्ट तीनदा वाचला. लिम्फोमा म्हणजे कॅन्सरच, पण हा माल्ट जातीचा, सावकाश वाढणारा, आणि जठरातच आहे. पोटात घातलेल्या दुर्बिणीतून तो साध्या व्रणासारखा दिसू शकतो, म्हणून इतके तुकडे काढले. मुळाशी हेलिकोबॅक्टर जंतू. तो मारला की अशा चारांतल्या साधारण तिघांचा आजार नुसत्या अँटिबायोटिकवर जातो. हा जंतू डॉक्टर वॉरन यांना १९७९ साली याच शहरात, असल्याच तुकड्यांत दिसला. त्यांचे सहकारी डॉक्टर मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन बघितला! २००५ ला दोघांना नोबेल. बाबांना हे सांग, आवडेल.

१४ दिवस गोळ्या पुऱ्या करायच्या. तोंड कडू पडलं की 'माका काय एक झाला नाय' म्हणून सोडतील. त्यात मेट्रोनिडाझोल आहे, त्यावर दारू नको, म्हणून दादाची फेणी कपाटात कुलपात ठेव. पुढे बांबोळीच्या इस्पितळात पुन्हा दुर्बीण होईल. सगळं जायला वर्षही लागतं, तेव्हा लगेच रडायचं नाही.

इथे लोक दुकानात अनवाणी येतात. गरिबी नव्हे, मोठ्या गाडीतून उतरतात, पाय मोकळे, दूध-पाव घेतात, कोणी वळूनही बघत नाही. आणि घरात? बुटांसकट गालिच्यावर! मी चप्पल दाराशी काढली तर यजमानीणबाई म्हणाल्या, पाय दुखतात का.

साठ हजार दादाच्या खात्यात टाकलेत, त्याने हिशोब देऊ नये. चवथीला रजा नाही मिळत. तिकीट रद्द नाही केलं, नाताळावर ढकललंय. वेंगुर्ल्याच्या स्थळाला हो-नाही काहीच कळवू नकोस. बाबा 'हिचं बघून जातो' म्हणायचे थांबले की फोटो बघेन.

तुझी,
बाय

ता. क. दादाला बाबांच्या तुकड्यांची स्लाइड मागता आली तर मागू दे. मला स्वतः बघायचीय.