ती खालची खोली आमच्यासाठी नको

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

किरकटवाडीचा बंगला घ्यायचा की कोथरूडचं रो हाऊस, हा निर्णय तुझा आणि गौरीचा. पण किरकटवाडीच्या बंगल्याच्या नकाशात तळमजल्यावर आमच्या नावाची एक खोली आहे आणि तिच्यामुळे तुझं मन तिकडे झुकतंय, म्हणून हे लिहिते. समोर बसून बोलले असते तर तू वाईट वाटून घेतलं असतंस आणि मी गप्प झाले असते.

आधी बंगल्याच्या बाजूनं सांगते. तीन गुंठे जागा म्हणजे सव्वातीन हजार चौरस फुटांच्या वर. एवढी माती पुण्यात आपल्या घराण्यात कोणाच्या वाट्याला आली नाही. गच्चीवरून सिंहगड दिसतो, दारात आंबा आहे, अनन्याला धावायला अंगण आहे. बाबा आयुष्यभर गॅलरीतल्या कुंड्यांवर समाधान मानत आले, ते त्या आंब्याखाली किती वेळ उभे होते ते मीही पाहिलं. कोथरूडचं रो हाऊस या बंगल्यापुढे लहानच वाटणार. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा, आणि झोपायच्या दोन्ही खोल्या वर. बाबांच्या गुडघ्यांमुळे तू ते बाजूला सारलंस, हे मला कळतं.

पण निखिल, आमचा दिवस कसा जातो ते बघ. बाबा सकाळी नगर वाचन मंदिरात जातात, येताना ओळखीच्या दोघातिघांशी बोलून येतात. मी मंडईतून भाजी आणते, कारण भाजी हाताळून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. एप्रिल-मे उजाडला की टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला. डॉक्टर, औषधाचं दुकान, बँक, सगळं पायी किंवा रिक्षानं. यातल्या एकाही गोष्टीसाठी आम्हाला तुला फोन करावा लागत नाही. सत्तरीनंतर ही फार मोठी मिळकत आहे आणि ती मला सोडायची नाही.

किरकटवाडीत मुख्य रस्त्यापासून त्या बंगल्यापर्यंत बाबांना चालवणार नाही. रिक्षा आत यायला तयार नसते, हे त्या दिवशी आपण पाहिलंच. म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जायचं तरी शनिवारपर्यंत थांबायचं, तू मोकळा आहेस का ते बघायचं, मग निघायचं. माझी मावसबहीण मुलाच्या अशाच सुंदर घरी गेली, वाघोलीच्या पुढे. मुलगा-सून गुणी आहेत, तिला काही कमी नाही. पण सकाळी आठला सगळे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत ती एकटी, आणि फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे आज काय काय झालं?" ते ऐकलं की पोटात कालवतं. तुझ्या घरात मला अशी वाट बघत बसायचं नाही. तुलाही मग माझ्यासाठी धावाधाव करताना सारखं अपराधी वाटत राहील.

आता तुमचं तिघांचं. गौरीचं ऑफिस कल्याणीनगरला. कोथरूडच्या त्या घरापासून आनंदनगर स्टेशन पायी जाण्यासारखं आहे आणि तिथून मेट्रो थेट कल्याणीनगरला नेते. तुला हिंजवडी. किरकटवाडीहून निघालास की सिंहगड रस्ता, वडगाव पूल, वारजे करत चांदणी चौकातच येणार ना तू? कोथरूडहून तो चौक दारात आहे. म्हणजे बंगला घेतलास तर रोज दोन वेळा जास्तीचा सिंहगड रस्ता, एवढाच फरक. आणि त्या रस्त्याची गर्दी तुला मी सांगायला नको. अनन्याची शाळा कर्वे रोडला. पहिलीतल्या मुलीला व्हॅनमध्ये तास-सव्वा तास बसवायचं आणि त्या बदल्यात अंगण द्यायचं, तर त्या अंगणात ती खेळणार कधी?

तू म्हणालास, मेट्रो खडकवासल्यापर्यंतही जाईल. जाईल की. पण कोथरूडच्या वनाज-रामवाडी मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, गरवारे कॉलेजपर्यंतची गाडी मार्च २०२२ मध्ये धावली आणि रामवाडीपर्यंत पोचायला मार्च २०२४ उजाडलं. तेवढाच वेळ धरला तरी अनन्या तोवर आठवी-नववीत असेल. बाबाही तुझ्यासारखंच म्हणतात, की पानशेतचं धरण फुटल्यावर, १९६१ साली, पूरग्रस्तांना सहकारनगर आणि गोखलेनगरला घरं मिळाली तेव्हा लोक गावाबाहेर गेल्यासारखे रडले, आणि आज तो भाग शहराच्या मध्यात आहे. खरं आहे ते. पण मधली वर्षं त्या लोकांना तिथंच काढावी लागली. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, तुझ्यापुढे आहे.

पाण्याचं मात्र मी नुसतं सांगत नाही, बजावते. खडकवासला एवढं जवळ असून त्या भागात टँकर फिरतात. गाव जून २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण हद्द वाढली म्हणून नळाला पाणी त्या दिवसापासून येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या आजाराचे, रुग्ण निघाले ते मुख्यतः याच पट्ट्यातले, किरकटवाडी, नांदेडगाव, धायरीकडचे, आणि संशय पाण्यावर गेला. घरात लहान मूल आहे. बंगल्याला पाणी नेमकं कुठून येतं, विहिरीचं की बोअरचं की टँकरचं, आणि उन्हाळ्यात महिन्याला टँकर किती लागतात, हे मालकाला न विचारता शेजारच्या दोन घरांत विचार.

कागदांचंही तसंच. सातबारा मालकाच्या एकट्याच्या नावावर आहे की दहा जणांच्या सामाईक नावांत त्याचं एक आहे? अकृषिक आदेश, मोजणीचा नकाशा, येण्याजाण्याच्या रस्त्याचा हक्क, बांधकामाची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र, सगळं बघ. बंगला गाव महापालिकेत येण्याआधीचा आहे. ग्रामपंचायतीत घराची नोंद आहे एवढ्यावर कोणी भागवत असेल तर तिथून उठून ये.

रो हाऊसही मी डोळे झाकून घे म्हणत नाही. पश्चिमेच्या सामाईक भिंतीला ओल आहे, रंगाखाली पोपडे दिसतात. ती शेजाऱ्याच्या गच्चीतून येते की आपल्या पाइपमधून, हे प्लंबरला आणून पाहिल्याशिवाय किमतीचं बोलू नकोस. उद्या पाडून बांधायचं म्हटलं तरी भिंत सामाईक असल्यामुळे शेजाऱ्याला धरूनच चालावं लागेल, म्हणून ती माणसं कशी आहेत हेही बघ. मागची बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात आहे का? जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून मालकी, सोसायटीच्या नावे झालंय का? शिवाय नदीची पूररेषा दोन्ही ठिकाणी तपास. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं तेव्हा लोकांना गाड्या काढायलाही वेळ मिळाला नव्हता.

जिन्याचं काय, हे तू विचारशीलच. आम्ही आत्ता कुठेही येत नाही. आमचं घर आम्हाला पुरतं आणि डेक्कनहून तुझ्या दाराशी यायला मेट्रो आहे. पुढे कधी जिना चढवेना झाला तर खालच्या हॉलमध्ये पार्टिशन घालू आणि मागच्या धुण्याच्या जागेत संडास-बाथरूम काढू. तिथून सांडपाण्याची लाइन जाते, मी पाहून ठेवलंय. तेवढ्या जागेत आम्हा दोघांचं नीट भागेल.

आणखी एक मनातलं. घर गौरीच्या एकटीच्या नावावर घ्या. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे, खरेदी फक्त बाईच्या नावे असली तर ६. पैसे वाचतील हे झालंच, पण माझ्या सुनेच्या नावावर घर असावं असं मला फार वाटतं. माझ्या आईच्या नावावर कधी काही नव्हतं.

एवढं सगळं वाचूनही तुम्हा दोघांना मातीच हवी असेल, रोजचा रस्ता आणि टँकर मान्य असतील, तर खुशाल बंगला घ्या. मी वास्तुशांतीला सगळ्यांच्या आधी येईन. फक्त तो तुमच्या हौसेसाठी घ्या, आमच्यासाठी म्हणून घेऊ नका. त्या खोलीत तू पुस्तकं ठेव नाहीतर गौरीला काम करायला जागा कर.

रविवारी येताना रो हाऊसचा मंजूर नकाशा, इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि मालमत्ता कराची शेवटची पावती घेऊन ये. स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत असते, ती मालक घेत होता का आणि मागची थकबाकी किती, हे बाबांना त्या पावतीवरून बघायचं आहे. प्लंबरशी मी बोलले आहे, तो सोमवारी सकाळी मोकळा आहे.

तुझी,
आई