ॲथलोनहून, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘आयर्लंड एवढासा देश, कुणाशी वैर नाही, कुठल्या लष्करी गटात नाही, मग याची पोरं लेबनॉनमध्ये काय करतायत?’ तेवढ्यात आईने फोन घेतला आणि ते राहूनच गेलं. म्हणून आज सवडीने लिहिते.

ॲथलोन हे छावणीचं गाव आहे. शॅनन नदीकाठी कस्ट्यूम बराक आहे. शेजारच्या बाईंचा धाकटा मुलगा तिथलाच, सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण लेबनॉनमध्ये. तैनाती साधारण सहा महिन्यांची असते. बाई रोज सकाळी आधी तिकडची बातमी बघतात, मग चहा. ‘काळजी वाटते का’ असं मी त्यांना कधी विचारत नाही. त्याच आपण होऊन बोलतात.

आयर्लंड संयुक्त राष्ट्रांत आला १९५५ मध्ये. १९५८ मध्ये पन्नासेक अधिकारी निरीक्षक म्हणून लेबनॉनला गेले, आणि तेव्हापासून या देशाचं कुणी ना कुणी संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली नाही असा दिवस गेलेला नाही. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, कायमचं सैन्य आठ हजारांच्या आत. त्यातून लेबनॉनला तीनशे-साडेतीनशे जण पाठवायचे म्हणजे तेवढेच पुढच्या फेरीच्या तयारीत आणि तेवढेच नुकते परतलेले. हा ताण खरा आहे. माणसं कमी पडतात म्हणून २०२४ मध्ये सीरिया-इस्रायल सीमेजवळच्या गोलान टेकड्यांवरची तुकडी परत बोलवावी लागली.

मग इतकं कशासाठी? पैशासाठी म्हणावं, तर संयुक्त राष्ट्रं एका सैनिकामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या आसपास सरकारला देतात. काही गरीब देशांना त्याचा आधार होतो, पण इथल्या पगारांपुढे ती रक्कम काहीच नाही. मला पटलेलं कारण वेगळं आहे. दोन एकरवाल्याला बांध सगळ्यांनी पाळावा असं सगळ्यात जास्त वाटतं, कारण तो कुणी कोरला तर त्याच्याकडे गडीमाणसं नसतात. आयर्लंडचं तसंच आहे. नियम मोडला तर आधी चिरडले जातात ते छोटे देश. तेव्हा नियम राखायला आपणही उभं राहायचं, नुसती भाषणं करायची नाहीत, हे इथल्या लोकांनी मनापासून मानलंय.

त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. १९६० मध्ये पहिली मोठी तुकडी आफ्रिकेत काँगोला गेली, तीही थंड हवेतले जाड लोकरी गणवेश घालून. ८ नोव्हेंबरला न्येंबा गावाजवळ अकरा जणांच्या गस्तीवर हल्ला झाला आणि नऊ जण मारले गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोतल्याच जादोव्हिल शहरात दीडशेच्या आसपास आयरिश जवान कितीतरी पट मोठ्या फौजेच्या वेढ्यात सापडले. पाच दिवस लढले, त्यांचा एकही माणूस मेला नाही. शेवटी पाणी आणि दारूगोळा संपला आणि शरण जावं लागलं. घरी परतल्यावर त्या शरणागतीचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकले. त्यांतले बरेच याच ॲथलोनच्या बराकीतले होते. त्यांना पदकं मिळाली २०१७ मध्ये, तोवर कित्येक जण हयात नव्हते. सैनिकाला धोक्यात पाठवून मग त्यालाच लाज वाटायला लावणं, याचा मला अजून राग येतो.

बाबा, हे सगळं ज्या कटांगा प्रांतात घडलं, तिथेच त्याच मोहिमेत डिसेंबर १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं. त्यांचं परमवीर चक्र तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वेळी तिथे दोन्ही देशांच्या सैनिकांच्या डोक्यावर एकच निळी टोपी होती.

आई, तुझा प्रश्न होता की बंदूक असून चालवायची नाही, तर ते तिथे करतात काय? चालवता येते, पण स्वतःचा बचाव करायला किंवा नेमून दिलेलं काम कुणी बळाने अडवलं तर. कुणाची बाजू घेऊन नाही. बाकी वेळ गस्त घालायची, सीमारेषेवर लक्ष ठेवायचं, कोणी काय मोडलं ते लिहून कळवायचं. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये लढाई पेटली, इस्रायलने ठाणी रिकामी करायला सांगितलं, तेव्हाही आयरिश जवान आपल्या सीमेजवळच्या ठाण्यात थांबले. रणगाडे जवळ येऊन उभे होते. जवान निघून गेले असते तर तिथे काय घडलं ते सांगायला त्रयस्थ कुणी उरलं नसतं. माझ्या मते त्यांच्या असण्याचा सगळा अर्थ यातच आहे.

धोका सीमेवरच असतो असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बैरूतच्या वाटेवर गाडीवर गोळीबार होऊन एक तरुण शिपाई गेला. लेबनॉनमध्ये आजवर चाळीसहून जास्त आयरिश सैनिक गेलेत. छोट्या देशात अशी बातमी थेट कुणाच्या तरी ओळखीच्या घरी पोचते.

आता नवा वाद चाललाय. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर तीन संमती लागतात, संयुक्त राष्ट्रांची, सरकारची आणि संसदेची. इथे याला ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. यातली पहिली अट काढावी असं सरकारचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. १९९९ मध्ये चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून मॅसिडोनियातली मोहीम संपवली, आणि २००३ मध्ये युरोपीय संघाची तुकडी तिथे गेली तेव्हा आयर्लंडला सामील होता आलं नाही. तरीही मला ती अट राहावीशी वाटते. ती गेली की उद्या कुणा मोठ्या देशाच्या युद्धात ‘मदत’ म्हणून ओढलं जाणं सोपं होईल. शेजारच्या बाईंचं मत नेमकं उलट आहे. त्या म्हणतात, माझा मुलगा कुठे जाणार हे रशिया-चीनने का ठरवावं? मुलगा त्यांचा आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही.

सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं की लेबनॉनची ही मोहीम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच, आणि नंतर वर्षभरात सगळ्यांनी परतायचं. १९७८ पासून चाललेलं काम आहे हे. टिबनीन गावच्या अनाथाश्रमाला आयरिश तुकड्या वर्षानुवर्षं मदत करत आल्या. त्या मुलांकडे पुढे कोण बघणार, हे त्या ठरावात कुठून असणार?

बाबा, ट्रिपल लॉकबद्दल तुमचं मत काय, ते रविवारच्या फोनवर नक्की सांगा. आणि आई, शेजारच्या बाईंच्या त्या मुलासाठी देवापुढे दिवा लावशील का? तो सुखरूप असल्याचं बाईंनी कालच सांगितलं.

तुमची लेक