रेडिओवरील थेट ध्वनिमुद्रणे जपावीत

महोदय,

ॲफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचे जॉन पील यांच्या बीबीसीवरील कार्यक्रमासाठी 1995 मध्ये केलेले ध्वनिमुद्रण वॉर्प या कंपनीने 2019 मध्ये प्रकाशित केले. ते ऐकल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. रेडिओवर तबकड्या वाजवण्याच्या वेळेला पूर्वी ब्रिटनमध्ये मर्यादा होती, म्हणून कलावंतांकडून खास ध्वनिमुद्रणे करून घेण्याची प्रथा रुजली आणि त्यातूनच हा मोलाचा ठेवा उभा राहिला.

यंत्रांवरच्या संगीतात जिवंतपणा कसला, असे अनेकजण विचारतात. पण राजारामपुरीतल्या एका खोलीत सिंथेसायझरची कळ केसभर फिरवताच सूर खरखरीत होताना आणि वादकाने ती चूकच पुढच्या आवर्तनात खुबीने वापरताना मी जवळून पाहिले आहे. असा क्षण पुन्हा तसाच येत नाही. ज्या कोल्हापुराने अल्लादिया खाँसाहेबांची गायकी जपली, तिथल्या रेडिओ केंद्रांनी असे यंत्रांवर संगीत करणाऱ्या तरुणांनाही महिन्यातून एकदा स्टुडिओत बोलवावे, तारीख व वाद्यांच्या नोंदींसह ती ध्वनिमुद्रणे सांभाळावीत आणि श्रोत्यांसाठी पुन्हा प्रसारित करावीत, ही कळकळीची विनंती.

— एक श्रोता, राजारामपुरी, कोल्हापूर