गहाळ सोळा पानं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला सुटीतल्या वाचनावरचा लेख वाचला. रात्री झोपताना वाचला, ही चूक माझीच. लेखकमहाशय आधी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१ सालचा पहिला नियम ऐकवतात, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आणि दोनच परिच्छेद पुढे फर्मान काढतात, की ग्रंथालयाची पुस्तकं प्रवासाला नेऊ नयेत, खराब होतात. मध्ययुगात युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून पाहायला मिळतं. त्यांनी पुढची सुटी तिथे काढावी, मन रमेल.

जाड कादंबरी मी सुटीसाठीच राखून ठेवतो. एरवी रात्री जेमतेम दहा पानं होतात, आणि दुसऱ्या दिवशी कोण कुणाचा मेहुणा इथूनच सुरुवात. सुटीत एका बैठकीत शंभर पानं होतात. पण पुस्तक बिघडवतो म्हणे वाचक! तर माझी हकिगत ऐका.

गेल्या सुटीत पाचशे पानांची एक कादंबरी ग्रंथालयातून नेली होती. दोन भावांची गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी पान १९२ वर आलो. भाऊ एका ताटात जेवतायत, तेवढ्यात दारावर थाप पडते. धाकटा उठतो, कडी काढतो, ‘समोर’ या शब्दावर पान संपतं. शेजारी उजवीकडे पाहिलं, तर पान २०९. थेट कोर्ट, आणि भाऊ समोरासमोरच्या पिंजऱ्यात. पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिली, उजेडात धरून पाहिली. एक अख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेला सोळा पानांचा गठ्ठा, गायब. दारात कोण होतं, हे मला आजतागायत माहीत नाही. उरलेली तीनशे पानं त्या दाराकडे बघतच वाचली.

परत आल्यावर देवघेवीच्या खिडकीशी ही तक्रार केली. तिथल्या गृहस्थांनी पुस्तकाऐवजी माझ्याकडे पाहिलं. “प्रवासात नेलं होतं का?” झालं, निकाल लागला. मी म्हटलं, अहो, पुस्तक सोळा सोळा पानांचे फॉर्म शिवून बांधतात. कुणी पानं फाडली तर आत चिंध्या राहतात, शिलाई ढिली होते. इथे शिलाई घट्ट आहे आणि गेलीयत ती नेमकी १९३ ते २०८. फॉर्म बांधणीतच राहिलाय. त्यावर उत्तर: “मग आधी कुणीच कसं बोललं नाही?”

प्रश्न बिनतोड होता. मागची तारखांची चिठ्ठी उघडली. माझ्याआधी अकरा शिक्के! अकरा जणांनी पुस्तक घरी नेलं, वेळेत परत केलं, दंड नाही, डाग नाही, चकार शब्द नाही. म्हणजे अकरांपैकी एकही जण १९२ पानांपर्यंत पोचला नव्हता. किंवा पोचला आणि त्याला काही कमी वाटलं नाही. यातलं जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ते गृहस्थ पहिल्यांदा हसले. दंड मात्र घेतलाच, पुस्तक चार दिवस उशिरा आलं म्हणून. तो रीतसर होता, मी मुकाट्याने भरला. पुस्तक मात्र माझ्या डोळ्यांदेखत परत फळीवर गेलं, तेराव्या वाचकाची वाट बघायला. निदान आत एक चिठ्ठी तरी चिकटवा, म्हटलं. ‘बघू’ म्हणाले.

तेव्हा लेखकमहाशयांना सांगावं, की पुस्तक सुटीत खराब होत नाही. खराब आहे हे सुटीत कळतं, कारण तेव्हाच ते कुणीतरी वाचतो. पानांच्या कडांना समुद्राची वाळू लागते हे मान्य. ती झटकता येते.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीत एका रहस्यकादंबरीचं परीक्षण आहे. तिसऱ्या ओळीत खुनी कोण ते सांगून टाकलंय, वर ‘शेवट अनपेक्षित’ असा शेरा! या कादंबरीसाठी ग्रंथालयात मी दोन महिन्यांपूर्वी नंबर लावला होता. परवाच निरोप आला, पुस्तक आलंय, घेऊन जा.

आपला,
एक वाचक

ता. क. वरील परीक्षकांनी दोन भावांची ती कादंबरी वाचली असल्यास दारात कोण होतं ते कळवावं. तेवढं सांगितलेलं मला चालेल.